खाडीपलीकडचा पेशंट

दापोली तालुका
६ जानेवारी २०२५

विभावरी मॅडम यांना ताहेरुन्निसाचा सलाम आणि नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी अजराची अम्मी. तुमच्या सेंटरमध्ये नर्स आहे ना, उंच, चष्मेवाली, तीच माझी पोरगी. तिच्या तोंडून तुमचं नाव इतकं ऐकलंय की पत्र लिहिताना लाज वाटत नाही. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन म्हणजे आठ जणांचे कान. मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, मला लिहायची सवय आहे.

माझा भाचा महमूद सुट्टी संपवून परत निघालाय. तो तुमच्या तिकडेच, अल रुवैसला बंदरात कामाला असतो. त्याच्या हाती आमसुलं, कुळथाचं पीठ आणि नारळाच्या वड्या पाठवल्यात. नाशिकच्या माणसाला कुळथाचं पिठलं आवडतं की नाही ठाऊक नाही, पण एकदा करून बघा.

निळ्या पिशवीतला डबा तुमचा नाही. तो काशिफसाठी आहे, अजराकरवी द्या. आमच्या खाडीपलीकडच्या गावचा पोरगा. अजराने नाव सांगितलं नव्हतं हो. एवढंच म्हणाली, "अम्मी, पलीकडच्या गावचा एक जण आमच्याकडे येतो, मेसईदला वेल्डर आहे, दारू पिऊन मारामारी केली, समोरच्याचा हात मोडला." डाव्या भुवईवर खूण आहे म्हणाली आणि मी ओळखला. लहानपणी आजोळी, म्हणजे आमच्या गावात होता. माझ्याच अंगणवाडीच्या पायरीवर पडला होता तो, ती खूण तेव्हाची.

त्याची आई सुगरा बिचारी दोन महिने झुरत होती. पोरगा सुट्टीवर का येत नाही, नीट बोलत का नाही. काल होडीने पलीकडे जाऊन तिला सांगून आले की बाई गो, घाबरू नको. केस झालीय, पण तो तुरुंगात नाही, माझ्या अजराच्या नजरेखाली आहे. तिच्या जिवाला केवढा आधार झाला असेल!

माझ्या पोरीला रागे भरत जा, पण जेवली का तेही विचारत जा.

तुमची
ताहेरुन्निसा

*

दोहा
१० जानेवारी २०२५

ताहेरुन्निसाताई यांना नमस्कार.

तुमचं पत्र आणि खाऊ मिळाला. निळ्या पिशवीतला डबा मी महमूदभाईंकडे परत दिला आहे. तो देता येणार नाही.

हे पत्र मी अजराला वाचायला देऊन, तिच्या परवानगीने पाठवते आहे. यात मी कोणा पेशंटचं नाव लिहिणार नाही आणि तुम्हीही यापुढे लिहू नका.

आमचं काम काय आहे ते आधी सांगते. ज्यांच्यावर केस आहे पण निकाल लागलेला नाही, अशा काही लोकांना कोठडीत ठेवण्याऐवजी कोर्ट आमच्याकडे पाठवतं. त्यांनी आठवड्यातून दोनदा यायचं, तपासणी करून घ्यायची, समुपदेशकाशी बोलायचं. नीट आले तर तारखेपर्यंत बाहेर. दोनदा चुकले तर आत. इथे येणारा माणूस आमच्यासमोर तोंड उघडतो, कारण त्याची गोष्ट या भिंतींबाहेर जाणार नाही असा शब्द मी त्याला दिलेला असतो. मी इथल्या नर्स, समुपदेशक अशा अकरा जणांची प्रमुख आहे. हा शब्द पाळला जातो की नाही, ते बघणं हेच माझं मुख्य काम.

तो शब्द मोडला. अजराने मोडला आणि तुम्ही होडीत बसून पलीकडे पोचवला. तुमचा हेतू चांगला होता, मला कळतं. पण तुमच्या पत्रातली ती चार वाक्यं मी तीनदा वाचली. अजराला खोलीत बोलावून वाचून दाखवली. ती म्हणाली, "अम्मीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं. चूक माझीच आहे." तिला मी पेशंटच्या कामावरून बाजूला केलं आहे.

मला तीन गोष्टी लेखी कळवा. कोणाला सांगितलं, कधी सांगितलं, आणि आणखी कोण ऐकत होतं. आता कृपा करून कोणाकडे जाऊ नका, कोणाला समजवू नका.

विभावरी

*

दापोली तालुका
१७ जानेवारी २०२५

विभावरी मॅडम,

सलाम लिहिणार नव्हते, पण वाडवडलांनी शिकवलंय म्हणून लिहिते. सलाम.

पोरीला कामावरून बाजूला केलंत! एका डब्यापायी! मॅडम, मी तुमच्यासारख्या खूप बघितल्यात. तीस वर्षांत सात मुख्यसेविका आल्या नि गेल्या. तपासणी आली की वरच्यांचे पदर स्वच्छ आणि चिखल सेविकेच्या अंगावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा त्यांतल्या एकीने मला सांगितलं, तुझ्या अंगणवाडीत कमी वजनाची मुलं फार दिसतात, साहेब विचारतात, जरा वाढवून लिही. मी म्हटलं, लिहिते की, आधी तुम्ही काटा वाढवून आणा. मला काढून टाकायची धमकी झाली, अर्ज झाले, सगळं झालं. मी नाही लिहिलं. अहो, मूल कमी भरलं असं लिहिलं तर त्याला जादा आहार मिळतो. खोटं लिहून कागद सुधारतो, मूल तसंच राहतं. हे तुम्हाला सांगायचं कारण, मला तपासणीची भीती घालू नका.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं घ्या. सुगराला सांगितलं. रविवारी, ५ जानेवारीला, अकराच्या सुमारास. तिच्या स्वयंपाकघरात, आम्ही दोघीच, बाहेर फक्त कोंबड्या होत्या.

आणि आता तुम्ही न विचारलेलं सांगते, कारण आठ दिवस मला झोप नाही. मी गेले आणि त्याच संध्याकाळी सुगराने त्याला फोन लावला. आधार कसला, ती हंबरडा फोडून रडली. दारू प्यायलास, आपल्या घराण्यात कोणी केलं नाही ते केलंस, बापाला काय तोंड दाखवू, असलं सगळं बोलली. त्याने एवढंच विचारलं, तुला कोणी सांगितलं? तिने माझ्या अजराचं नाव घेतलं. त्या मंगळवारपासून त्याचा फोन बंद. त्याच्या खोलीत राहणारा जैद म्हणून पोरगा आहे, तो सांगतो की हा सेंटरच्या बसमध्ये चढतच नाही. म्हणतो, ज्यांच्यापाशी मन मोकळं केलं त्यांनीच गावात दवंडी पिटली, आता तिथे कुठल्या तोंडाने जाऊ. चार खेपा चुकल्या म्हणे.

तुमच्या पत्रात वाचलं, दोनदा चुकले तर आत. मॅडम, करायला गेले एक आणि झालं भलतंच. शिव्या मला द्या. पण तो आत गेला तर माझ्या जिभेपायी गेला, हे तुम्ही कोणाला तरी सांगाल की नाही?

ताहेरुन्निसा

*

दोहा
२२ जानेवारी २०२५

ताहेरुन्निसाताई,

तुम्ही भांडता छान. माझ्या सासूबाईंची आठवण झाली.

कोण आलं, कोण आलं नाही, याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तुम्हाला राग येईल, येऊ दे. पण माझ्याबद्दल मी हवं ते लिहू शकते, तर ते ऐका.

गेल्या गुरुवारी आमच्या संचालकांनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद तयार होते. पहिल्यात लिहिलं होतं की अमुक एक माणूस काही कारण नसताना गैरहजर राहिला, त्याने अट मोडली. दुसरा अजराचा राजीनामा, घरगुती कारणासाठी, तारखेसकट टाईप केलेला. पहिल्यावर माझी सही, दुसऱ्यावर तिची. बातमी बाहेर कशी गेली याचा कुठेच उल्लेख नाही. संचालक म्हणाले, "दोन सह्या आणि खलास, मॅडम. सेंटरचं नाव स्वच्छ."

तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं, तरी मी थोडा वेळ मागून घेतला. आज तुमचं पत्र आलं आणि कारण कळलं. आता तर मेले तरी मी त्या कागदावर सही करणार नाही. आमच्या चुकीने एखादा माणूस घाबरून घरी बसला, तर त्याची शिक्षा त्याला? आणि आम्ही हात झटकून मोकळे?

एक कबुली देते. आमच्याकडे एक फॉर्म आहे. नवीन पेशंट आला की स्टाफने त्यावर खूण करायची, या माणसाला तुम्ही ओळखता का? हो की नाही. ओळखत असाल तर पेशंट दुसऱ्याकडे जातो. अजराने "नाही" वर खूण केली आणि ती खरी होती, तिने त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण तुमच्याकडे गाव ओळखीचं म्हणजे माणूस ओळखीचा, त्याचं आजोळ, त्याच्या भुवईवरची खूणसुद्धा. हे मला सुचलं नाही. फॉर्म मी बनवलाय. मी नाशिकच्या कॉलेज रोडवर वाढले, तिथे आम्हाला शेजारचा ब्लॉक कोणाचा तेही ठाऊक नसतं. तेव्हा या चुकीत माझाही वाटा आहे आणि मी तो अहवालात लिहिणार आहे.

पाच फेब्रुवारीला कोर्टात तारीख आहे. त्याआधी मला तुमचं सहीचं निवेदन हवं. मराठीत चालेल, इथे अधिकृत भाषांतर करून घेता येतं. कोणाला, कधी, काय सांगितलंत, एवढंच. त्यात नाव लिहावं लागेल, म्हणून ते वेगळ्या पाकिटात, कोर्टासाठी असं लिहून.

पण सही करण्याआधी विचार करा. तो कागद गेला की अजराची चूक पक्की होते. तिची नोकरी जाऊ शकते, आणि तिचा इथला व्हिसा नोकरीवर आहे. हे मी तिला सांगितलं, तुमचं पत्रही तिने वाचलं. ती म्हणाली, "मागवा. अम्मी देईल."

माझा नवरा अनय म्हणतो, सही करून मोकळी हो, तू काय कोर्ट आहेस का. माझी लेक ओवी मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली की मग सही करू नकोस ना, त्यात एवढं काय. पंधरा वर्षांची आहे. तिला सगळं सोपं वाटतं.

विभावरी

*

दापोली तालुका
२७ जानेवारी २०२५

विभावरीबाय,

मॅडम म्हणणार नाही आता, चालेल ना?

मागच्या पत्रातलं ते मुख्यसेविकांचं परत घेते. सगळं नाही, थोडं.

निवेदन सोबत आहे, डिंकाने बंद केलंय. त्यात काय आहे ते तुम्हाला कळावं म्हणून इथे उतरवते, नाव आहे तिथे रेघ मारलीय.

"मी ताहेरुन्निसा, वय ६१, निवृत्त अंगणवाडी सेविका, लिहून देते की माझी मुलगी अजरा हिने मला फोनवर एका पेशंटबद्दल सांगितले. नाव सांगितले नाही. मी खुणेवरून ओळखले. दिनांक ५ जानेवारी रोजी मी त्याच्या आईच्या घरी जाऊन ती गोष्ट सांगितली. मला कोणी पाठवले नव्हते. त्यानंतर त्याच्या आईने त्याला फोन केला व तो घाबरला. त्याने आपण होऊन काही मोडलेले नाही. मोडले ते माझ्या मुलीने व मी. हे मी शुद्धीत व कोणाच्या दबावाशिवाय लिहिले आहे."

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अजराचं नाव घातलं नव्हतं. लिहिलं होतं, मला कळले. कुठून कळलं ते सांगायचं नाही, असा बेत होता. कागद दोन दिवस कपाटात ठेवला. आई आहे मी, हात उठेना. मग स्वतःलाच म्हटलं, ताहेरा, सगळ्या पंचक्रोशीची मुलं तू खरी लिहिलीस आणि स्वतःचीच तेवढी वाढवून लिहितेस होय? फाडला आणि पुन्हा लिहिला.

तुम्ही म्हणालात कोणाकडे जाऊ नका. गेले नाही. पण सुगरा माझ्याकडे आली, तिला काय हाकलून देऊ? तिला तुमच्या पत्रातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, तुझा मुलगा आहे, तू त्याला रडवलंस, तूच त्याला उठव. तिने जैदच्या फोनवरून त्याला गाठलं. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण शेवटी ओरडली ते आख्ख्या वाडीला ऐकू गेलं. "प्यायलास ते प्यायलास! पण आता लपून बसलास ना, तर मी स्वतः विमानात बसून येईन आणि कान धरून त्या बसमध्ये चढवीन!" सुगराने आजवर मुंबईसुद्धा बघितलेली नाही.

तुम्ही घाबरू नका, बाय. ते संचालक काय करतील? खातील काय तुम्हाला?

ताहेरुन्निसा

*

दोहा
९ फेब्रुवारी २०२५

ताहेराआपा,

खाल्लं नाही, पण चावले.

तुमचं पाकीट तीन तारखेला, सोमवारी, मिळालं. त्याच दिवशी भाषांतर करून घेतलं. मी चार पानांचा अहवाल लिहिला. बातमी आमच्याकडून फुटली, फॉर्म माझा होता, लक्ष ठेवायचं काम माझं होतं आणि गैरहजेरीचं कारण आम्ही आहोत, असं सरळ लिहिलं. एखादा माणूस आमच्यावर विश्वास ठेवून येतो आणि त्याचा विश्वास आम्ही मोडला, तर त्याला परत यायला धीर देणं हे आमचं काम आहे, त्याला आत पाठवणं नाही, हेही लिहिलं.

मंगळवारी संचालकांनी सगळ्या क्लिनिकल स्टाफसमोर मला विचारलं की हे सेंटर बंद पडलं तर या अकरा जणांच्या नोकऱ्यांची जबाबदारी कोण घेणार. मी म्हटलं, "सर, शब्द मोडून ते लपवणारं सेंटर आजच बंद पडलंय, फक्त पाटी उतरवायची राहिली आहे." आमची मानसोपचारतज्ज्ञ चैत्राली उठली आणि म्हणाली, अहवालावर मलाही सही करायची आहे. मग आणखी सहा जणांनी केली. एक नर्स म्हणाली, मला जमणार नाही मॅडम, घरी दोन लहान मुलं आहेत. मी तिला म्हटलं, काही हरकत नाही, आणि खरंच हरकत नव्हती.

बुधवारी कोर्टात अहवाल गेला. तिथे काय झालं ते लिहिणार नाही.

गुरुवारी मला प्रमुख पदावरून काढलं. पत्रात "पुनर्रचना" असा शब्द आहे. राजीनामा द्या, चांगलं शिफारसपत्र देतो, असंही सुचवून पाहिलं. मी म्हटलं, मी राजीनामा देणार नाही, काढायचं तर काढा आणि कारण लिहून काढा. कारण लिहायला कोणी तयार नाही. त्यामुळे आता मी साधी समुपदेशक आहे. माझी केबिन गेली, जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसते. सेंटर आहे उम्म सलाल मोहम्मदला, तिथून गाडी चालवत घरी येताना त्या दिवशी मोठ्याने रडले. घरी येऊन कुळथाचं पिठलं केलं. ओवीने दोनदा घेतलं.

अजरा आहे. लेखी ताकीद मिळाली, तीन महिने पेशंट नाहीत, पुन्हा प्रशिक्षण. राजीनामा तिने फाडून संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चूक केली ती माझ्या फाईलीत लिहा. घरगुती कारण मला काही नाही." पोरगी तुमचीच आहे.

आणि फॉर्म बदलला. शेवटचं काम मी प्रमुख म्हणून तेच केलं. आता पहिला प्रश्न आहे, याचं गाव तुमच्या गावापासून किती दूर?

विभावरी

*

दापोली तालुका
८ एप्रिल २०२५

विभावरीबाय,

तुम्हाला, अनयभाईंना आणि ओवीला ईदचा सलाम. उशीर झाला, रमजानात हात रिकामा नसतो.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं. जिन्याखाली बसवलं! बसवू दे. आमची अंगणवाडी अकरा वर्षं देवळाच्या मागच्या पडवीत भरायची, तिथून निघालेली पोरं आज कुठे कुठे आहेत. बसायची जागा बघून कोणी मोठं होत नाही. तुम्ही तिथून हलू नका, एवढंच माझं म्हणणं.

कोर्टात काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला कळलं. विचारायला गेले नव्हते, शपथ घेते. त्याने स्वतः त्याच्या आईला सांगितलं आणि सुगराने ईदच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. कागद वाचला गेला, त्या चुकलेल्या खेपा त्याच्या नावावर धरल्या नाहीत. आता पुढच्या तारखेपर्यंत तो बाहेरच आहे आणि मंगळवार-गुरुवार बस चुकवत नाही. ज्याचा हात मोडला त्याची माफी मागायला जायचं म्हणतोय. हे खरं की खोटं ते तुम्ही मला सांगू नका. सांगणार नाहीच म्हणा!

गावात कुजबुज व्हायची ती झाली. एका लग्नात, वलीम्याच्या जेवणाला चारजणींनी मला घेरलं. काय ताहेरा, तुझी अजरा तिथेच ना, तो पोरगा अजून पितो का, शिक्षा किती होईल? चार महिन्यांपूर्वी असतं तर मी पाट ओढून बसले असते. मी म्हटलं, तुमच्या घरातलं कोणी तिथे गेलं तर त्याचंही मी सांगायचं का? एक उठून गेली ती अजून बोलत नाही माझ्याशी. नको बोलू दे.

काल सुगरा आली. होडीतून उतरली ती थेट माझ्या अंगणात. म्हणाली, "ताहेरा, फोनवर तो बरा आहे म्हणतो, पण पोरं आईला खरं थोडीच सांगतात. अजराला विचार ना, खरंच बरा आहे का? तोंडावर तेज आलंय का? एवढंच विचार." हात धरला माझा. बाय, एका फोनचं काम होतं. अजरा दुपारच्या सुट्टीत होती, मला वेळ ठाऊक आहे. आणि सुगराचे डोळे असे भरलेले.

मी म्हटलं, "विचारणार नाही. आणि अजरा सांगणार नाही. तुझा मुलगा आहे, तूच विचार, आणि तो सांगेल तेवढंच तुझं." ती चिडली, मला दगड म्हणाली. मग तिथेच ओट्यावर बसून तिने फोन लावला. घंटी वाजायला लागली तशी मी उठले आणि मागच्या परसात जाऊन बसले. दार ओढून घेतलं. तिचं बोलणं चालू झालं, मग रडणं, मग बऱ्याच वेळाने हसणं. काय बोलत होती देव जाणे. खोटं कशाला सांगू, कान नुसते दाराकडे ओढ घेत होते. पण मी फणसाखाली बसून राहिले ती तिने हाक मारेपर्यंत उठले नाही.

तुमची
ताहेरुन्निसा